सातवा रकाना

सोमवार, ता. ४

ही वही दादाने बांधलेली. छापखान्यात तो बांधणीचं काम करायचा आणि उरलेल्या कागदाच्या वह्या करून घरातल्या प्रत्येकाला द्यायचा. माझी मी आठ वर्षं कोरीच ठेवली. एवढ्या चांगल्या कागदावर लिहिण्यासारखं माझ्याजवळ काय असणार? दादाला जाऊन आज महिना झाला, आणि आज लिहिण्यासारखं झालं.

अकराच्या सुमारास दप्तरीने नकलांच्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर आणून टाकला. अभिलेख कक्षात माझं काम ठरलेलं. जुन्या नोंदवहीतलं मागितलेलं पान काढायचं, हाताने जसंच्या तसं उतरवायचं, खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारून सही करायची. जुन्या वह्या नकलेच्या यंत्रावर पालथ्या घातल्या की त्यांची शिवण उसवते, म्हणून अजून हातानेच.

तिसरा अर्ज एका वकिलाचा होता. घरनोंदणीची बावीस वर्षांपूर्वीची वही. पत्ता दादाच्या घराचा. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'खोल्या रिकाम्या करून मिळण्याच्या दाव्यासाठी.' मालकाने चष्मेवाल्यांवर दावा लावला आहे.

चष्मेवाले म्हणजे दादाचे मित्र. पंचवीस वर्षं दोघं त्या दोन खोल्यांत राहिले. आता ते एकटेच आहेत. नाव कुणी घेतच नाही, आमच्याकडे लहानथोर सगळे चष्मेवालेच म्हणतात. चष्म्याचं दुकान आहे, माझ्या नाकावरची भिंगं त्यांनीच घासलेली. माणूस मोठा गमत्या. आमच्या दाराशी आले की मोठ्याने ओरडायचे, "भाडेकरू आलाय, दार उघडा!" आणि पोरं हसत धावायची.

मी अर्ज दोनदा वाचला. वही काढून बघायची गरज नव्हती. ते पान माझ्याच अक्षरातलं आहे.

नकलेची मुदत सात दिवस.

मंगळवार, ता. ५

काल अर्धवट लिहिलं. पूर्ण लिहितो.

त्या वर्षी मी नोकरीत नवा होतो. घरोघर जाऊन नोंदणी करायची होती. नियम असा की आपल्या नातेवाइकाचं घर आपण भरायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं. दादाची इमारत दुसऱ्याच्या वाट्याला होती. मी त्याच्याकडून ती मागून घेतली. म्हटलं, दुसरा कुणी जाईल, नाही नाही ते विचारील, चार ठिकाणी बोलेल.

दादा खाटेवर बसला होता. चष्मेवाले चहा ठेवत होते. पहिले सहा रकाने मी पटापट भरले. सातवा होता, 'कुटुंबप्रमुखाशी नातं'. माझी लेखणी थांबली. दादा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तुला काय लिहायचं ते लिही."

मी लिहिलं, 'पोटभाडेकरू'.

त्यांच्या भल्यासाठी लिहिलं. 'मित्र' लिहिलं असतं तर वरच्याने विचारलं असतं, दोन जाणते पुरुष, लग्नं नाहीत, मित्र म्हणजे कसले? पोटभाडेकरू म्हटल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. त्यानंतर चहा प्यायलो आणि निघालो. चहात साखर जास्त होती, हेही आठवतं.

गुरुवार, ता. ७

कचेरीतून थेट दादाच्या खोल्यांवर गेलो. दार वाजवलं. आतून आवाज, "कोण?"

मी म्हणालो, "मी. दादांचा धाकटा भाऊ."

बोललो आणि आईची आठवण झाली. आई म्हणायची, 'कोण' विचारल्यावर नाव-गाव सांगतो तो पाहुणा, नुसतं 'मी' म्हणतो तो घरचा. दादा असताना इथे मी नुसतं 'मी' म्हणायचो.

आत एक वकीलबाई बसल्या होत्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण बोलणं तोलून. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात. कायदा सोपा आहे. मूळ भाडेकरू गेला, तर त्याच्या कुटुंबातल्या, त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाकडे घर राहतं. आणि कुटुंब म्हणजे फक्त रक्त आणि लग्न नव्हे, असं वरच्या कोर्टाने दोन वर्षांपूर्वी सांगितलंय. दोन पुरुष एकत्र संसार करत असतील तर तेही कुटुंब. माणसाला मानाने जगायचा हक्क आहे, त्यात हे येतं."

"मग काळजी कसली?" मी विचारलं.

"पुरावा. पंचवीस वर्षांत यांनी एक कागद केलेला नाही. शेजारी चहा पाजतात, पण कोर्टात यायला कुणी तयार नाही. आणि मालकाचा वकील म्हणतो, हे पोटभाडेकरू. पोटभाडेकरू ठेवणंच बेकायदा, म्हणजे तर उद्याच बाहेर. त्याच्याकडे काहीतरी कागद असावा."

चष्मेवाले खिडकीशी उभे होते. दादाचा चष्मा रुमालाने पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

घरी उशीर होईल म्हणून मी उठलो.

संसार. त्या बाईने किती सहज शब्द वापरला.

सोमवार, ता. ११

आज मुदतीचा शेवटचा दिवस.

दप्तरीला माझं तोंड बघून काहीतरी कळलं असावं. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे तो. जवळ येऊन हळूच म्हणाला, "घरचं प्रकरण दिसतंय. वाळवीचा शेरा मारू का?"

'वही वाळवीने खाल्ली, पान उपलब्ध नाही' असा शेरा मारला की प्रकरण मिटतं. कुणी तपासायला येत नाही.

"वाळवीला बिचारीला कशाला बदनाम करतोस?" मी म्हणालो.

"तिची कुठे पोरीबाळी खोळंबल्यात लग्नाच्या? बदनाम झाली तर झाली."

मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात मी बराच वेळ त्या शेऱ्याचा विचार केला. पान बदलायचं नाही. ते जाळायचंही नाही. फक्त एक वही मागच्या फळीवर सरकवायची. चष्मेवाल्यांचं घर वाचेल, माझीही नोकरी वाचेल, कुणाच्या घराची अब्रू चव्हाट्यावर येणार नाही. देवाला तरी याहून काय हवं असेल?

दुपारी जेवणाचा डबा उघडला नाही. शाळेतले मास्तर आठवले. आमच्या गावची शाळा एका खोलीची, पण मास्तर अक्षराला कडक. खोडरबर कुणाकडे सापडलं की खिडकीबाहेर फेकायचे. म्हणायचे, "पुसायचं नाही. चुकलं तर आडवी रेघ मारा, वर बरोबर लिहा. खालची चूक वाचता आली पाहिजे." सरकारी वहीचाही नियम तोच निघाला, फक्त रेघ लाल आणि शेजारी सही.

तीन वाजता वही काढली. पान जसं होतं तसं उतरवलं. सातव्या रकान्यात 'पोटभाडेकरू' लिहिलं. आयुष्यात दुसऱ्यांदा. शिक्का मारला. खरी नक्कल. शिक्का एवढंच सांगतो की हे त्या पानासारखं आहे. ते पान खरं होतं का, हे शिक्क्याला कुणी विचारत नाही.

अक्षर बावीस वर्षांत काही बदललेलं नाही.

बुधवार, ता. १३

काल वकीलबाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाल्या, "तुमच्या अक्षराने घर जातंय. ते वाचवायचं असेल तर तुमच्याच तोंडाने. कोर्टात उभं राहून सांगाल? पंचवीसला सुनावणी आहे."

मी 'विचार करून सांगतो' म्हणालो. हे वाक्य आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

आज संध्याकाळी चिमी आली. माझी सर्वांत धाकटी बहीण, पंचेचाळिशीची झाली तरी चिमीच. तिला कुठून कळलं देव जाणे. चपला न काढताच बोलायला लागली.

"भाऊ, तू कोर्टात काय सांगणार आहेस?"

"अजून ठरलं नाही."

"माझ्या पोरीचं जमत आलंय. पुढच्या महिन्यात ती माणसं यायची आहेत. आणि तू भर कोर्टात सांगणार, आपला दादा असा होता?"

"कसा?"

ती रडायला लागली. "मी काय त्यांना वाईट म्हणते का? माझ्या लग्नात सगळी धावपळ त्यांनीच केली. माझ्या पोरीला पहिला चष्मा त्यांनीच दिला. आपण कधी तोडलं त्यांना? सणावाराला, आजारपणाला, सगळीकडे बोलावलं. फक्त बोललो नाही. न बोलण्याने कुणाचं वाईट झालं?"

"त्यांना घर सोडावं लागतंय, चिमे."

"मग त्यांना तुझ्याकडे ठेवून घे! मी पण ठेवीन. पण ते बोलू नकोस."

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मला वाटत नाही. आम्ही वाढलो ते याच रीतीत. झाकली मूठ. माणूस सांभाळायचा, त्याची गोष्ट काढायची नाही. या रीतीने कितीतरी घरं टिकली असतील. पण दादाला त्या मुठीत पंचवीस वर्षं कसं वाटलं असेल, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

जाताना चिमी म्हणाली, "माझं लग्न ठरत होतं तेव्हा तू किती जपलं होतंस, आणि आता असा वागतोस."

ती गेल्यावर मी वर्षं मोजली. घरनोंदणी झाली तो महिना आणि चिमीला बघायला माणसं आली तो महिना एकच.

मी वर ता. ५ ला 'त्यांच्या भल्यासाठी' असं लिहिलं आहे. त्यावर आत्ता आडवी रेघ मारली.

शुक्रवार, ता. १५

कचेरीत साहेबांनी बोलावलं. त्यांच्याही कानावर गेलं होतं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "सरकारी नोंद जाणूनबुजून चुकीची लिहिली, तीही नातेवाइकाच्या घराची, असं शपथेवर बोललात तर मला चौकशी लावावीच लागेल. निलंबन होईल. नऊ-दहा वर्षं राहिलीत तुमची. तुम्हाला कुणी विचारलंय का? मग कशाला पायावर धोंडा मारून घेता?"

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी म्हणालो, "मला एक कळत नाही. मी साक्ष तरी कशाच्या जोरावर देऊ? दादा मला कधी काही बोलला नाही. मी काही पाहिलं नाही. ते एकत्र राहायचे, एवढंच मला ठाऊक. कोर्टाने विचारलं, कशावरून? तर काय सांगू?"

तिने मान वर केली. "दादा त्यांना हाक कशी मारायचे?"

"'अहो' म्हणायचा."

"आणि ते दादांना?"

"तेही 'अहो'च. दोघंही एकमेकांना मान देऊन बोलायचे. तसे दोघंही अदबीचे."

"दादा तुम्हाला काय म्हणायचे? छापखान्यातल्या दोस्तांना काय म्हणायचे?"

"अरे-तुरे."

"मी तुम्हाला काय म्हणते?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"पंचवीस वर्षं," ती म्हणाली, "आणि यांना वाटतंय, अदब!" मग हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं म्हणे. मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला कळायचं नव्हतं. कळायचं नसलेल्या माणसाला काय सांगायचं?"

मंगळवार, ता. १९

प्रार्थनेला बसलो तर मन लागत नाही. लहानपणापासून जे ऐकत आलो त्यात अशा नात्याला जागा नाही. ते मला माहीत आहे आणि मी ते नाकारायला निघालेलो नाही, माझी तेवढी विद्या नाही. पण दादाच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्याला उचलून बसवणं, पुसणं, घास भरवणं हे चष्मेवाल्यांनी केलं. मी रविवारी जायचो, तासभर बसायचो. ते पाप आणि माझं हे पुण्य, असा हिशेब मला देवापुढे मांडता येत नाही. मांडायला गेलो तर मलाच लाज वाटते.

वकीलबाईंना निरोप पाठवला की मी येईन.

शुक्रवार, ता. २२

संध्याकाळी दारावर थाप. "भाडेकरू आलाय, दार उघडा!" पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

चष्मेवाले आत आले, पाणी प्यायले, आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "साक्षीचं राहू द्या. तुमची नोकरी जाईल. चिमीच्या पोरीचं मोडेल. मी एकटा जीव, कुठेही पडेन. दुकानाच्या मागे जागा आहे."

मी म्हणालो, "तुम्हाला माहीत नाही. तो कागद माझ्या हातचा आहे. मी लिहिलंय ते."

"माहीत आहे."

"वकीलबाईंनी सांगितलं?"

"त्या काय सांगणार? तुम्ही लिहीत होतात तेव्हा मी चहा घेऊन मागे उभा होतो. जवळचं मला दिसत नाही, पण हातभर लांबचं झकास दिसतं." ते हसले. "तुम्ही गेल्यावर मी रागावलो. कप आपटला. तर तुमचा दादा म्हणाला, 'अहो, त्याला काही बोलू नका. घाबरट आहे, पण आपला आहे.' मग मी म्हटलं ठीक, भाडेकरू तर भाडेकरू."

बावीस वर्षं ते दाराबाहेर ओरडत होते आणि मी आत हसत होतो.

त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, पुसला, परत नाकावर ठेवला. "दांडी सैल झालीये. दुकानावर या," म्हणाले आणि गेले.

सोमवार, ता. २५

कोर्टाची खोली लहान. पंख्याचा आवाज मोठा. मालक पुढच्या बाकावर. चिमी आली नव्हती. माझी बायको आली होती, चष्मेवाल्यांच्या शेजारी बसली होती.

शपथ घेतली. वकीलबाईंनी विचारलं ते सगळं सांगितलं. पान मी भरलं, ते घर मी मागून घेतलं, सातवा रकाना मी खोटा भरला.

मालकाचा वकील उठला. "म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंत. मग आता खरं बोलताय हे कशावरून? का आताही भावाच्या मित्राचं घर वाचवायला खोटंच?"

"तेव्हा खोटं लिहिल्याने माझं काही जाणार नव्हतं," मी म्हणालो. "आता खरं बोलल्याने नोकरी जाईल."

"उत्तर पाठ करून आलात वाटतं! बरं, तुमच्या भावाने तुम्हाला कधी सांगितलं, की हा माणूस माझा अमुक आहे?"

"नाही."

"तुम्ही काही पाहिलंत?"

"नाही."

"मग हवेवर बोलताय?"

मी बायकोकडे पाहिलं. म्हणालो, "साहेब, ते एकमेकांना 'अहो' म्हणायचे."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग बरेच हसले. मालकही हसला. माझे कान तापले. मला वाटलं, दादा, तुझं मी हसं केलं.

न्यायाधीश हसले नाहीत. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "इतरांना?"

"इतरांना अरे-तुरे. फक्त यांना 'अहो'. पंचवीस वर्षं. शेवटच्या दिवशी माझ्या भावाला माणसं ओळखू येत नव्हती. मला त्याने 'आपण कोण' म्हणून विचारलं. यांनी कपाळाला हात लावला, तेव्हा डोळे मिटूनच म्हणाला, 'अहो, आता थोडं बसा.' त्यानंतर तो बोलला नाही."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. हसणारे थांबले.

न्यायाधीशांनी विचारलं, "आज तो रकाना भरायचा असता तर काय लिहिलं असतंत?"

चिमीची पोर डोळ्यांपुढे आली. साहेब आले. मास्तर आले.

"जोडीदार," मी म्हणालो.

लघुलेखकाने मान न वळवता तो शब्द टंकला. एवढाच आवाज झाला.

चष्मेवाले खाली बघत होते.

मंगळवार, ता. २६

निलंबनाचा कागद दप्तरीनेच आणून दिला. सही घेताना म्हणाला, "वाळवी बरी होती."

चिमीचा फोन बंद आहे.

शुक्रवार, ता. २९

निकाल लागला. दावा फेटाळला. खोल्या चष्मेवाल्यांकडे राहतील. दोघांनी एक कुटुंब म्हणून संसार केला, असं निकालात लिहिलं आहे, आणि सातवा रकाना दुरुस्त करावा असा कचेरीला आदेश आहे. मालक वरच्या कोर्टात जाणार म्हणतो. वकीलबाई म्हणतात, जाऊ दे, आता आपल्याकडेही कागद आहे.

मी त्यांना विचारलं, माझ्या चौकशीचं काय होईल? त्या म्हणाल्या, "ते सांगता येत नाही." खोटा दिलासा दिला नाही, हे बरं वाटलं.

मंगळवार, ता. ९

दप्तरी दुपारी डोकावला. दुरुस्ती झाली म्हणाला. लाल रेघ, वर नवा शब्द, शेजारी सही. नव्या कारकुनाने केली. "अक्षर तुमच्यासारखं नाही. पण वाचता येतं."

"खालचं?"

"खालचंही वाचता येतं."

ती रेघ मला मारायला मिळायला हवी होती, असं उगाच वाटलं. मग वाटलं, नाही, हेच बरोबर.

चिमीने निरोप पाठवला आहे, पोरीचं बोलणं पुढे ढकललंय. मोडलं असं तिने म्हटलेलं नाही. माझ्याशी बोललेली नाही.

संध्याकाळी दारावर थाप पडली. बायको आतून म्हणाली, "कोण?"

बाहेर कुणी बोलेना. मी वही मिटून उठलो. तिने पुन्हा विचारलं, "अहो, कोण आहे?"

क्षणभर थांबून चष्मेवाल्यांचा आवाज आला.

"मी."

बायकोने दार उघडलं.